व्हिसाच्या फॉर्मपासून लेक्सिंग्टनच्या परेडपर्यंत

आमच्या बेळगावच्या वडगावात आता प्रत्येक गल्लीत एक तरी घर असं आहे की मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत आणि आई-वडील एकदा तरी तिकडं जाऊन आलेले. पण परत आल्यावर काय काय बघितलंत म्हणून विचारलं तर मॉल, देऊळ, नायगारा आणि बाकी सगळा वेळ नातवाला घेऊन घरात, असंच बहुतेक जण सांगतात. आम्ही दोघं २०२५ ला जाऊन आलो आणि एक वेगळी जागा बघून आलो. व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टन या छोट्या गावातलं जुनं मिलिटरी कॉलेज आणि त्याला लागूनच असलेली युनिव्हर्सिटी. पहिल्या कागदापासून सगळं सांगते, कारण आम्हाला सुरुवातीला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिक्षिका होते, आमचे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले. लेक-जावई रिचमंडला असतात.

पासपोर्टचं काम २०२३ च्या दिवाळीनंतर काढलं. बेळगावात पोस्टात पासपोर्ट केंद्र आहे, त्यामुळे हुबळीला जायची गरज पडली नाही. फी पंधराशे, पण साठीच्या वरच्यांना नव्या अर्जात दहा टक्के सूट मिळते, म्हणजे माणशी १३५०. ही सूट बऱ्याच जणांना माहीतच नसते. खरं काम कागद जुळवण्याचं. आपल्या सीमाभागातल्या माणसांचे कागद कसे असतात बघा, यांचा शाळेचा दाखला मराठीत आणि त्यावर राज्य म्हैसूर, कारण कर्नाटक नाव १९७३ ला आलं. रेशन कार्ड कन्नडमध्ये. आर्मीच्या कागदात आडनावाचं स्पेलिंग एक, आधारवर दुसरं. गावाचं नाव जुन्या कागदांवर बेळगाव आणि २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी. गावाच्या नावावरून कुणी अडवलं नाही, तो बदल सरकारनंच केलाय त्यामुळे तो सगळ्यांना कळतो. पण आडनावाचं स्पेलिंग एका अक्षरानं जरी वेगळं असलं तरी ते आधी सरळ करून घ्या. आम्ही पेन्शनचे कागद प्रमाण धरले आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घेतलं, त्यात दीड महिना गेला, पण पुढं कुठंच तटलं नाही. पोलीस व्हेरिफिकेशनला स्टेशनमधून माणूस घरी आला, कन्नडमध्ये चार प्रश्न विचारले, शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या, झालं.

मग व्हिसा. याचीच सगळ्यांना भीती असते आणि आम्हालाही होती. फॉर्मचं नाव डीएस-१६०, तो ऑनलाइन भरायचा. आमचा लेकीनं तिकडून भरला, फोनवर एकेक प्रश्न वाचून दाखवत, रात्री दोन-तीन तास तरी गेले असतील. बेळगावात माजी सैनिक किती आहेत हे काय सांगायला नको, तर त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते, या फॉर्ममध्ये तुम्ही सैन्यात होता का असा सरळ प्रश्न आहे. हो म्हटलं की देश, शाखा, रँक, काम काय होतं, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, सगळं विचारतात. शस्त्रं चालवायचं वगैरे काही खास ट्रेनिंग आहे का असाही प्रश्न आहे. यांना वाटलं आता हे लिहिलं की व्हिसा गेलाच. आमच्या ओळखीतल्या एकानं तर सल्ला दिला की सैन्याचं लिहूच नका. असलं काही ऐकू नका. जे आहे ते आहे तसं लिहायचं, डिस्चार्ज बुक समोर ठेवून तारखा भरायच्या. तीस वर्षं इमानानं नोकरी केली ती लपवायची कशाला?

फी माणशी १८५ डॉलर, म्हणजे पंधरा-सोळा हजार रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. फोटो दोन इंच बाय दोन इंच, मागं पांढरं, चष्मा काढून. कॅम्पातल्या फोटो स्टुडिओवाल्याला अमेरिकेच्या व्हिसाचा म्हटलं की बरोबर कळतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो तारीख मिळण्यात. आम्ही २०२४ च्या उन्हाळ्यात फी भरली आणि मुंबईची मुलाखत मिळाली २०२५ च्या जानेवारीतली. मधल्या काळात लेक रोज वेबसाइट बघायची, कुणी तारीख सोडली तर आपल्याला लवकरची मिळेल म्हणून, पण तसं काही झालं नाही. या थांबण्यात फार जीव टांगला राहतो. घरात कुठलं कार्य ठरवता येत नाही, तिकीट काढता येत नाही, भेटेल तो विचारतो कधी निघालात. मला तर नंतर नंतर दुकानात जायचं नको व्हायचं.

मुंबईत दोन दिवस दोन वेगळ्या ठिकाणी जावं लागतं, एक दिवस बोटांचे ठसे आणि फोटो, आणि दुसऱ्या दिवशी बीकेसीत कॉन्सुलेटला मुलाखत. आम्ही रात्रीच्या गाडीनं गेलो, दादरला भाच्याकडं उतरलो. मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून पत्ता, फोन नंबर सगळं कागदावर लिहून ठेवा, बाहेर आल्यावर आपल्या माणसाला शोधताना उपयोग होतो. मुलाखत मराठीत देता येते हे आम्हाला आयत्या वेळी कळलं आणि माझं निम्मं टेन्शन तिथंच गेलं. खिडकीपलीकडच्या बाईंनी मुलगी काय करते, किती दिवस राहणार, इथं मागं कोण आहे, एवढंच विचारलं. यांना विचारलं सैन्यात काय करत होता. हे ताठ उभे राहून म्हणाले, पायदळात होतो, शेवटी रिक्रूट पोरांना ट्रेनिंग देत होतो. बाईंनी मान हलवली, काहीतरी टाइप केलं आणि व्हिसा मंजूर म्हणाल्या. एवढी मोठी फाइल नेली होती, घराचे उतारे, पेन्शनचं पासबुक, बँकेचे कागद, एकही उघडायला लागला नाही. तरी फाइल न्यायचीच, कुणाला काय विचारतील सांगता येत नाही.

मार्चमध्ये निघालो. आखातातून विमान बदलायचं होतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. मसाल्यात खसखस नेऊ नका, आखाती देशांत ती चालत नाही, फार कडक आहेत. आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा. आमचे हे आधी तयारच होत नव्हते, मला काय झालंय म्हणून, पण ती सोय चालता येत नाही म्हणून नाही घ्यायची, बरोबर एक माणूस येतो, तो भाषेच्या आणि रांगेच्या सगळ्या अडचणी सोडवतो, म्हणून घ्यायची. भाजणी, मेतकूट, शेंगाची चटणी नेली, सगळं फॉर्मवर खरं सांगितलं, काही काढून घेतलं नाही. विमानतळावर बहुतेक करून सहा महिने राहायची मुदत मिळते, ती तारीख घरी जाऊन ऑनलाइन बघून लिहून ठेवा.

पहिला महिना घरातच गेला. हे सकाळी फिरून यायचे आणि मग खिडकीत बसायचे. एप्रिलमध्ये जावई म्हणाले, पप्पा, इथून सव्वादोन-अडीच तासांवर एक मिलिटरी कॉलेज आहे, शुक्रवारी परेड असते, लोकांना बघायला येतं. यांनी लगेच विचारलं, कुठला शुक्रवार?

तुम्हीही जाणार असाल तर हेच आधी बघा. परेड दर शुक्रवारी असतेच असं नाही, कॉलेज चालू असताना असते आणि त्यांच्या वेबसाइटवर वेळापत्रक असतं, पाऊस आला तर रद्द होते. आम्ही शुक्रवारी सकाळी निघून रात्री तिथंच मोटेलमध्ये राहायचं ठरवलं, रूम सव्वाशे डॉलरच्या आसपास पडली. एका दिवसात परत येता येतं, पण दोन्ही जागा नीट बघायच्या तर आपल्या वयाच्या माणसांनी मुक्काम करावा. वाटेत शार्लट्सविलच्या पुढं ब्लू रिज डोंगर चढून जावं लागतं, चोर्ला घाट आठवला, तसंच धुकं, तशीच झाडी, फक्त रस्ता चौपदरी.

कॉलेजचं नाव व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट, सगळे व्हीएमआय म्हणतात. ११ नोव्हेंबर १८३९ ला सुरू झालं, अमेरिकेत एखाद्या राज्यानं चालवलेलं हे पहिलं मिलिटरी कॉलेज. तिथं कॅम्पस म्हणत नाहीत, पोस्ट म्हणतात. गेटवर अडवणारं कुणी नाही, आपल्या कॅम्पात जन्म गेलेल्या माणसाला हेच पहिलं नवल. मधे भलंमोठं हिरवंगार परेड ग्राउंड आणि त्याच्या कडेला पिवळसर रंगाची, किल्ल्यासारखी बुरूज असलेली बराक. सगळी पोरं, दीडेक हजार, त्या बराकीतच राहतात. एका कमानीसमोर जॉर्ज मार्शल यांचा पुतळा आहे. हे इथलेच, १९०१ च्या बॅचचे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याचे प्रमुख, आणि नंतर युरोप परत उभा करायच्या योजनेसाठी १९५३ चं शांततेचं नोबेल मिळालेले. आमच्या ह्यांचे आजोबा त्याच महायुद्धात इटलीत लढून आलेले. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती इटलीतलीच लढाई. त्यामुळे हे त्या पुतळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

म्युझियम फुकट आहे, पेटीत इच्छा असेल ते टाकायचं. आत एक घोडा आहे, लिटल सॉरेल नावाचा. स्टोनवॉल जॅक्सन हा अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातला दक्षिणेचा मोठा सेनापती, युद्धाच्या आधी तो इथं शिकवायचा, हा त्याचा लढाईतला घोडा. १८८६ ला मेला तेव्हा कातडं भरून ठेवलं. मला वाटलं होतं दांडगा घोडा असेल, पण लहानखुरा, तांबूस, जवळ जाऊन बघितलं तर जागोजागी केस झिजलेले. जॅक्सनचा रेनकोटही ठेवलाय, गोळीचं भोक पडलेला. त्याच्याच माणसांनी अंधारात चुकून गोळी झाडली आणि त्यातच पुढं तो गेला. हे ऐकून हे गप्प झाले.

एक कॅडेट मुलगी आम्हाला फिरवून दाखवत होती, वीस-एकवीसची असेल. प्रत्येक वाक्याला सर, मॅम. लेक मराठीत सांगत होती. पहिल्या वर्षाच्या पोरांना तिथं रॅट म्हणतात, बराकीत ताठ होऊन ठरलेल्या रेषेतच चालायचं. सकाळी उठल्यावर गादी गुंडाळून ठेवायची. खोल्यांना कुलूप नाही. कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि जो करतो त्याला खपवूनही घेणार नाही, एवढाच नियम, पण मोडला तर कॉलेजातून कायमचं बाहेर, मध्यरात्री ढोल वाजवून सगळ्यांना उठवतात. मी मुलीला विचारायला लावलं, तुम्ही मुली इथं कधीपासून? ती म्हणाली १९९७ पासून. त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, १९९६ चा निकाल आहे. दीडशे वर्षांहून जास्त काळ मुलींना दार बंद होतं आणि आता तीच मुलगी आम्हाला कॉलेज दाखवतेय, मला फार भरून आलं. आयुष्यभर मुलींना पुढं शिकवा म्हणून पालकांच्या पाठीमागं लागलेली मी.

तिथं एका बसलेल्या बाईचा पुतळा आहे, शोक करणारी व्हर्जिनिया. १८६४ च्या मे महिन्यात त्याच यादवी युद्धातल्या न्यू मार्केटच्या लढाईला दक्षिणेकडं माणसं कमी पडली म्हणून इथल्या २५७ कॅडेटांना बोलावलं. ऐंशी मैलांच्या वर चालत गेले, चार दिवस. पावसानं शेतात एवढा चिखल की पोरांचे बूट त्यात रुतून राहिले, त्या शेताला अजून हरवलेल्या बुटांचं शेत म्हणतात. दहा पोरं गेली, त्यातली सहा या पुतळ्याखाली पुरली आहेत. पुतळा केला तो मोझेस इझिकेल स्वतः त्या लढाईत होता, कॅडेट म्हणून. महिन्याभरात उत्तरेच्या फौजेनं येऊन कॉलेज जाळलं.

आता ही पोरं ज्या बाजूनं लढली ती बाजू गुलामगिरी टिकवायला निघालेली. हे माझ्या मनातून जाईना. मी यांना म्हटलं तसं. हे म्हणाले, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला काय कळतं, साहेबानं चल म्हटलं, गेला. ते खरं आहे, पण ज्यांनी पाठवलं त्यांना तर कळत होतं ना. जॅक्सनचा पुतळा आधी बराकीसमोरच होता, तो डिसेंबर २०२० मध्ये हलवला. आणि बराकीत एक जागा जोनाथन डॅनियल्सच्या नावानं आहे. १९६१ च्या बॅचचा पहिला आलेला मुलगा, पुढं पाद्री व्हायला शिकत होता आणि काळ्या लोकांच्या मताच्या हक्कासाठी अलाबामात काम करत होता. १९६५ च्या ऑगस्टमध्ये एकानं सतरा वर्षांच्या काळ्या मुलीवर बंदूक रोखली, यानं तिला बाजूला ढकललं आणि गोळी स्वतः खाल्ली. जॅक्सनचं नाव मला आधी कुठंतरी वाचून माहीत होतं, या मुलाचं नव्हतं. आता मी भेटेल त्याला सांगते.

संध्याकाळी परेड. बसायला साध्या पायऱ्या, लवकर गेलात तर सावलीतली जागा मिळते, अंगावर स्वेटर ठेवा, वारं असतं. राखाडी कोट, पांढऱ्या पँट, पुढं बँड, त्यात बॅगपाइपवालेही. पाइप सुरू झाले आणि हे उभेच राहिले, कारण आपल्या रेजिमेंटचाही पाइप बँड आहे. मग एकेक कंपनी समोरून जायला लागली. ऑर्डर इंग्रजीत, आपल्याकडं हिंदीत, पण हे प्रत्येक ऑर्डरच्या क्षणभर आधी तोंडातल्या तोंडात म्हणायचे, सावधान, दाहिने देख. एका पोराचा पाय चुकला तो मला दिसलाही नाही, यांनी ओळीतला नंबर सांगितला. संपल्यावर मी तशीच बसून राहिले तर म्हणतात, काय बघुलालीस, चल की, पोरं दमल्यात आता. जणू त्यांचीच रिक्रूट.

दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटी. मधे भिंत नाही, कुंपण नाही, मिलिटरीची हिरवळ संपते आणि चालता चालता तुम्ही वॉशिंग्टन अँड ली युनिव्हर्सिटीत असता. ही त्याहून जुनी, १७४९ ची. आपल्या मराठा रेजिमेंटची जंगी पलटण १७६८ ची, म्हणजे ही युनिव्हर्सिटी तिच्याही आधीची. लाल विटांच्या इमारतींची लांब ओळ आणि पुढं पांढरे खांब. १७९६ ला जॉर्ज वॉशिंग्टननं या शाळेला वीस हजार डॉलर किमतीचे शेअर दिले, त्यातून ती तगली, म्हणून त्याचं नाव. दुसरं नाव रॉबर्ट ली, दक्षिणेचा सरसेनापती, युद्ध हरल्यावर १८६५ पासून १८७० ला मरेपर्यंत इथं प्रमुख होता. त्यानंच बांधून घेतलेल्या चॅपलच्या तळघरात तो आणि त्याचं कुटुंब पुरलेलं आहे आणि बाहेर त्याचा घोडा ट्रॅव्हलर. लोक त्या घोड्याच्या दगडावर पैसे ठेवतात, सफरचंदं ठेवतात. दोन सेनापतींचे दोन घोडे, एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर.

२०२१ ला नाव बदलायचं का यावर तिथं मोठा वाद झाला. युनिव्हर्सिटीचं नाव ठेवलं, चॅपलच्या नावातलं ली काढलं. गावाच्या नावावरून काय काय होतं हे आपण बेळगावकर चांगलं जाणतो, त्यामुळे मला दोन्ही बाजूंची तळमळ कळली. पण मला तिथं सगळ्यात महत्त्वाचा वाटला तो एक साधा दगड. १८२६ ला एका माणसानं मरताना आपली इस्टेट या कॉलेजला दिली, तिच्यात सत्तरच्या वर गुलाम माणसं होती आणि १८३६ मध्ये त्यातल्या बहुतेकांना कॉलेजनं विकलं. त्यांच्या आठवणीसाठी आता तिथं शिळा लावली आहे. स्वतःच्या संस्थेनं हे केलं असं दगडावर लिहून ठेवायला धैर्य लागतं. आणि याच संस्थेत १७९९ च्या सुमाराला जॉन चेव्हिस नावाचा काळा माणूस शिकला, अमेरिकेत कॉलेजात शिकलेला पहिला काळा माणूस म्हणून त्याचं नाव घेतात.

पोरं बाकावर लॅपटॉप ठेवून खुशाल कुठंतरी गेलेली होती. इथंही तसाच प्रामाणिकपणाचा नियम, त्याला ऑनर सिस्टिम म्हणतात, परीक्षेला सुपरवायझर नसतो. समोरून येणारा प्रत्येक जण हॅलो म्हणतो, ती तिथली जुनी पद्धत आहे, आपणही म्हणायचं. चालणं बऱ्यापैकी होतं आणि चढ आहे, त्यामुळे गुडघे दुखत असतील तर सकाळी युनिव्हर्सिटी आणि दुपारी आराम असं करा. कँटीनमध्ये व्हेज मिळतं पण आमचं घरच्या दशम्या-चटणीवरच भागलं.

ऑगस्टमध्ये गणपतीच्या आधी परत आलो. आता गल्लीत सगळे खर्च विचारतात. दोघांचे पासपोर्ट, व्हिसा, मुंबईचं जाणं-येणं मिळून चाळीस हजारांच्या आत, विमान अडीच लाखांच्या आत, इन्शुरन्स वेगळा, तो मात्र चांगला घ्या, स्वस्तातला नको. लेक्सिंग्टनच्या दोन दिवसांचा खर्च म्हणाल तर पेट्रोल, मोटेल आणि म्युझियमच्या पेटीत यांनी टाकलेले वीस डॉलर.